पहिला चर होईपर्यंत

थोरलीनं तोंड बंद ठेवायचं कबूल केलंय, हे ऐकून सगळ्यांत आधी हसली ती तिची सून. मग घाबरली. सासूबाई बोलत असल्या की निदान त्या कुठल्या खोलीत आहेत ते कळायचं.

थोरली ही एके काळी घरातली थोरली सून होती, आणि नाव तेच चिकटलं. आता सासू नाही, सासरे नाहीत, नवराही नाही. थोरली आहे आणि तिची जीभ आहे. शाळा तिनं लवकर सोडली, किंवा शाळेनं तिला सोडलं. याबद्दल दोन मतं होती आणि दोन्ही तिचीच होती. नवऱ्यानं उभं केलेलं खोदाईचं काम, पाण्याच्या लायनी, सांडपाण्याच्या लायनी, भिंतींचे पाये, हे सगळं ती त्याच्या मागं सांभाळत होती. सांभाळत होती म्हणजे साइटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून प्रत्येकाची अब्रू काढत होती. तिच्या मते काम यामुळंच चालतं. कामाला राहिलेल्यांचं मत वेगळं होतं, म्हणून तर ती माणसं एकेक करून धाकट्याकडे गेली.

धाकटा म्हणजे तिचा दीर. भाऊ गेल्यावर वर्षभरात वेगळा झाला, मोठं खोदायचं मशीन घेतलं आणि गोड बोलायला लागला. थोरलीच्या मते गोड बोलणारा माणूस आणि पोखरलेलं लाकूड यात फरक एवढाच, की लाकडाला निदान लाज वाटून ते मोडतं.

लेक तिचा एकुलता एक. अंगापिंडानं बापासारखा. बोलण्यात कुणासारखाच नाही, कारण त्याला बोलायची पाळी कधी आलीच नव्हती.

त्यांच्याकडे एक लोडर होता. स्किड स्टिअर म्हणतात तो. बुटका, रुंद, जागच्या जागी गर्रकन फिरणारा, माणसानं पिंजऱ्यात बसून चालवायचा. त्याच्या पुढच्या दोन दांड्यांना जे लावाल ते काम तो करतो. बकेट लावली तर माती उचलतो, झाडू लावला तर रस्ता झाडतो. चर मात्र त्याला खणता यायचा नाही. चर खणायला माणसं लागायची, आणि माणसं तर धाकट्याकडे.

"लोडरला खोदायचा हात घेऊ," लेक एकदा जेवताना म्हणाला. "बॅकहो. पुढं लावायचा, आतूनच चालवायचा. चर खणता येईल."

"हात?" थोरली म्हणाली. "जन्माला आलास तेव्हा दोन घेऊन आला होतास. ते कुठं विसरलास?"

लेकानं घास खाली ठेवला. रोज तो गिळायचा. घासही आणि बोलणंही. त्या दिवशी ठेवला.

"काकानं बोलावलंय मला," तो म्हणाला. "त्याच्याकडे कामाला. मी हो म्हणणार आहे."

थोरलीनं सुनेकडे पाहिलं. सून भांड्याकडे पाहत होती, म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

"त्याच्याकडे?" थोरली म्हणाली. "माझ्या दारातून उठून त्याच्या दारात?"

"तिथं दिवसभर काम करून संध्याकाळी माणूस घरी येतो तेव्हा तो माणूसच असतो. इथं मी घरी येतो तेव्हा गाढव असतो, बैल असतो, नाहीतर दगड असतो. परवा मी एकाच दुपारी तिन्ही होतो."

यावर थोरलीकडे उत्तर होतं. चांगली पाच-सहा उत्तरं होती, एकाहून एक धारदार. पण लेकाच्या चेहऱ्यावर काहीतरी असं होतं की ती पहिल्यांदाच उत्तर निवडत बसली, आणि निवडण्यात वेळ गेला.

"शेवटचं सांगतो," तो म्हणाला. "हात मी निवडणार. पहिलं काम मी करणार. दुकानात पाऊल टाकल्यापासून पहिला चर पुरा होईपर्यंत तू मला एकही टोमणा मारायचा नाही. एक मारलास, की मी दुसऱ्या दिवशी काकाकडे."

"आणि नाही मारला तर?"

"तर बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे राहीन."

थोरली ताटातल्या मिठाकडे पाहत म्हणाली, "बरं." तो शब्द तिच्या तोंडून इतका एकटा कधीच बाहेर पडला नव्हता. त्याच्या मागून काहीतरी येईल म्हणून दोघं थांबून राहिले. आलं नाही.

दुकान म्हणजे एक मोठं पत्र्याचं शेड आणि पुढं काँक्रीटचं अंगण. अंगणात रंगीत यंत्रांचे तुकडे मांडलेले. विकणारा माणूस टाय लावून आला. उन्हात, ग्रीसमध्ये, मातीत टाय. थोरलीच्या घशाशी एक वाक्य आलं, तिनं ते परत ढकललं. त्या दिवशी तिनं एवढी वाक्यं गिळली, की घरी जाऊन तिला जेवण गेलं नाही.

लेकानं लोडर ट्रेलरवर घालून सोबतच आणला होता. टायवाल्यानं लोडरकडे पाहिलं, लेकाच्या चपलांकडे पाहिलं आणि त्यांना सरळ सगळ्यांत मोठ्या हाताकडे नेलं.

"हा घ्या. सगळ्यांत खोल जातो. वर स्वतंत्र सीट आहे. राजासारखं बसायचं."

थोरलीला तो बघताक्षणीच आवडला. काय ती कोपरं, काय तो पंजा! असला हात दारात उभा राहिला असता तर धाकट्याला झोप लागली नसती. तिनं लेकाकडे पाहिलं आणि डोळ्यांनी सांगितलं: हाच.

"माझ्या लोडरचा पंप किती तेल फेकतो ते विचारलं नाहीत तुम्ही," लेक टायवाल्याला म्हणाला.

"साहेब, तेल ते तेलच. सगळ्यांना बसतो हा."

"बसेल. पण हलेल का? याला तेल जास्त लागतं. माझा पंप लहान आहे. आणि वजन?"

"वजनाचं टेन्शन घेऊ नका."

"मी नाही घेत. लोडर घेईल. लावून बघू या."

लावून बघितला. लेकानं दांड्या सावकाश वर घेतल्या, आणि लोडरनं नाक खाली घालून मागची दोन्ही चाकं उचलली. टायवाला मागं सरला तो थेट दुसऱ्या यंत्रावर आपटला. लेकानं हात पटकन खाली टेकवला. चाकं धप्पकन जमिनीवर आली.

"थोडं बॅलन्सिंग करून देऊ," टायवाला बाही झटकत म्हणाला.

थोरलीला राग आला. टायवाल्याचा नाही, तो तर रागाच्याही लायकीचा नव्हता. राग याचा, की लेकाचं बरोबर निघालं होतं, आणि लेकाचं बरोबर निघालं की तिला नेहमी कुणीतरी आपली खुर्ची ओढून घेतल्यासारखं व्हायचं.

मग टायवाल्यानं दुसऱ्या टोकाचा दाखवला: साधा, काटकुळा, स्वस्तातला. पुढं-मागं जायचा, पण डावी-उजवीकडे वळायचा नाही. "लहान कामांना हा पुष्कळ," टायवाला म्हणाला. आता त्याच्या बोलण्यातली साहेबी ओसरली होती.

"खणलेली माती टाकायची कुठं?" लेकानं विचारलं.

"बाजूला."

"हा वळतच नाही तर बाजूला कशी? प्रत्येक पंजाला अख्खा लोडर वळवायचा? बोळात काम आहे माझं. तिथं लोडर वळत नाही, माणूससुद्धा अंग चोरून वळतो."

टायवाल्यानं 'त्याचं असं आहे' म्हणून सुरुवात केली, पण कसं आहे ते त्यालाही माहीत नव्हतं.

शेवटी लेकानं निवडला तो मधला. दोन्ही बाजूंना वळणारा, दोन पाय टेकवून उभा राहणारा, आत बसूनच दांडक्यांनी चालवायचा. पण निवडला म्हणजे लगेच घेतला असं नाही. तो हात लोडरपुढं दुमडून लेकानं पिंजऱ्याचं दार उघडून पाहिलं, पुरतं उघडतं का. अडकलो तर बाहेर कसा येऊ म्हणून. लोडरला जोडताना दोन खिट्ट्या दाबून तो समाधान मानून बसला नाही. खाली वाकून त्यांची टोकं भोकांतून बाहेर आलेली डोळ्यांनी पाहिली. तेलाच्या नळ्यांची तोंडं जोडण्याआधी स्वच्छ फडक्यानं पुसली.

याच्या बापानं कुदळ कधी अशी पुसली नव्हती, थोरलीच्या मनात आलं. बापाची कुदळ दोनदा दांड्यातून निसटून लोकांच्या डोक्यावरून गेली होती, ही गोष्ट वेगळी.

"आई," सोबत आलेली सून हळूच म्हणाली, "चेहरासुद्धा बंदीत येतो."

"चेहरा माझा नाही," थोरली दात न उघडता म्हणाली. "आईकडून आलाय."

पहिलं काम होतं लाँड्रीचं. मोठी लाँड्री, हॉटेलांच्या चादरी धुणारी. मागच्या बोळात सांडपाण्याची जुनी लाइन बसली होती आणि साबणाचं करडं पाणी सगळ्यांच्या पायांत यायचं. बोळाच्या एका बाजूला लाँड्रीची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गोदामाची. आतल्या टोकाला बॉयलरची खोली, बाहेरच्या टोकाला रस्ता आणि चेंबर. बॉयलरपासून चेंबरपर्यंत नवीन चर खणायचा, नवी पाइप टाकायची, बुजवायचं. रुंदी म्हणाल तर लोडर शिरेल आणि वर हातभर जागा उरेल.

इथं घराण्याचा एक नियम सांगायला हवा. थोरलीचा नवरा सांडपाण्याचा चर नेहमी उताराकडून खणायचा. आधी खालचं टोक, मग वर वर. म्हणजे मध्येच पाणी लागलं तर ते खणलेल्या भागातून आपोआप निघून जातं आणि उतार चुकत नाही. हा नियम थोरलीनं लेकाला तो रांगत असल्यापासून ऐकवला होता. दुसऱ्या घरांत मुलांना गाणी म्हणतात, इथं उतार सांगितला गेला.

खालचं टोक म्हणजे रस्त्याकडचं चेंबर. म्हणून लेकानं लोडर मागं मागं चालवत बोळात घातला, तोंड रस्त्याकडे ठेवलं, पाय टेकवले आणि चेंबरपाशी पहिला पंजा मारला.

फार सुंदर खणला त्यानं. हे थोरलीलाही कबूल करावं लागलं, मनातल्या मनात आणि तेही कपाळाला आठी घालून. पंजा जमिनीत उतरायचा, स्वतःकडे खेचला जायचा, भरायचा, वर यायचा, वळायचा, माती गोदामाच्या भिंतीशी टाकायचा आणि परत यायचा. कुठं ढासळणं नाही, कुठं भिंतीला घासणं नाही. थोडं खणून झालं की पाय उचलायचे, लोडर जरासा मागं घ्यायचा, पाय पुन्हा टेकवायचे. सून चरात उतरून पट्टी आणि पाणसळ धरून उतार तपासत होती.

थोरली रस्त्यावर खुर्चीत बसली होती. लेकानं तिसऱ्यांदा लोडर मागं घेतला तेव्हा तिला दिसलं.

यंत्र मागं जाणार. खणेल तितकं मागं जाणार. मागं बॉयलरची भिंत. पुढं चर. बाजूला मातीचा ढीग. पुरा चर होईल तेव्हा लोडर आत आणि रस्ता बाहेर. नवऱ्याची माणसं चर खणून झाला की उडी मारून बाहेर यायची. लोडरला उडी मारता येत नाही.

नियम खरा होता. नियम फावड्याचा होता.

ती अर्धी उठली. मग बसली. का बसली, याची कारणं तिनं स्वतःला नीट लावून सांगितली. एक, बंदी होती. दोन, याच्या बापाचा नियम बापाच्या पोरासमोर आपणच खोटा पाडायचा? आणि तिसरं कारण तिनं स्वतःलाही सांगितलं नाही, कारण ते असं होतं, की तिला तो अडकलेला बघायचा होता. दुकानात फार बरोबर निघाला होता तो. एकदा चुकू दे. एकदा त्या पिंजऱ्यातून उतरून माझ्याकडे येऊ दे, मान खाली घालून. मग बंदी राहते की जाते ते बघू.

तिनं हाताची घडी घातली आणि गप्प राहिली. आयुष्यभर तिनं माणसांना शब्दांनी बोचकारलं होतं. गप्प राहूनसुद्धा तेवढंच खोल बोचकारता येतं हे तिला त्या दिवशी कळलं, आणि सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

सूर्य गोदामाच्या छपरामागं गेला तेव्हा सून चरातून वर आली. कपड्यांवर मातीचे पट्टे. तिनं बॉयलरच्या भिंतीकडे पाहिलं, लोडरकडे पाहिलं, चराकडे पाहिलं. मग सासूकडे आली.

"आई, हा बाहेर कसा येणार?"

"मला विचारू नकोस. मला बंदी आहे."

"टोमण्यांची आहे."

"मला दुसरं काही बोलता येत नाही, हे तुझ्या नवऱ्याला तुझ्या आधीपासून माहीत आहे."

सून पळाली, हात हलवत, थांबा थांबा ओरडत. इंजिनाच्या आवाजात लेकाला वाटलं उतार उत्तम आला म्हणून सांगतेय. त्यानं आतून अंगठा दाखवला, पाय उचलले, लोडर मागं घेतला, आणि लोडरचं बूड बॉयलरच्या भिंतीला टेकलं.

इंजिन बंद झालं. लाँड्रीच्या खिडक्यांत बाया ओल्या चादरी हातात धरून उभ्या राहिल्या. लाँड्रीवाला बाहेर आला, बोळात डोकावला आणि म्हणाला, "हे असंच ठेवणार का?"

लेक पिंजऱ्यातून उतरला. त्यानं पुढं पाहिलं, मागं पाहिलं. त्याचा चेहरा सावकाश तापत गेला. थोरली वाट बघत होती, तो आता येईल.

आला तो धाकटा.

कुणीतरी फोन केला असणार. असल्या वेळी फोन करणारे लोक नेहमी मोकळेच असतात. धाकट्यानं रस्त्यावर गाडी लावली, चराच्या तोंडाशी उभा राहिला आणि पोटावर हात ठेवून हसला.

"वा रे वा! बाटलीत मासा बघितला होता, बोळात लोडर पहिल्यांदा बघतोय. बाळा, काढायचाय की तिथंच संसार थाटतोस?"

"काका, तुम्ही जा," लेक म्हणाला.

"जातो ना. पण माझं मशीन बोलावू का? इकडून चर बुजवून देतो सगळा. अर्ध्या तासात बाहेर. उद्या पुन्हा खण, दुसऱ्या टोकाकडून. पण मग सोमवारपासून माझ्याकडे. हे असले खेळ तुझ्यानं होणार नाहीत, आणि तुला शिकवणारंही कुणी नाही." मग त्यानं थोरलीकडे मान वळवली. "का हो वहिनी? तुम्ही तर माझ्या भावाबरोबर जन्मभर चर बघितलेत. इथंच बसला होतात ना सकाळपासून? तुम्हाला नाही दिसलं?"

सगळे थोरलीकडे बघायला लागले. चादरीवाल्या बायासुद्धा.

लेक चराच्या काठाकाठानं, ढिगाऱ्यावरून घसरत रस्त्यापर्यंत आला. मान खाली नव्हती त्याची. नेमकी वर होती.

"दिसलं होतं?" त्यानं विचारलं.

खोटं बोलणं थोरलीच्या स्वभावात नव्हतं. ते तिला कमीपणाचं वाटायचं. "दिसलं होतं."

"केव्हापासून?"

"तू तिसऱ्यांदा मागं घेतलास तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस."

"तूच बंदी घातलीस."

"टोमण्यांना घातली होती, आई," लेक म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो तिला लागला. "'थांब'ला नव्हती घातली. 'थांब' हा टोमणा नसतो. की तुला फरकच कळत नाही?"

थोरलीनं तोंड उघडलं. आत काही नव्हतं. एवढ्या वर्षांच्या वापरानंतर पेटी उघडावी आणि आत नुसता तळ दिसावा तसं झालं. तिला खरंच दोन्हींतला फरक माहीत नव्हता. तिच्या तोंडून जे निघायचं ते एकाच साच्यातून निघायचं, मग ते जीव वाचवायला असो की जीव घ्यायला.

धाकटा मऊ आवाजात म्हणाला, "चल बाळा. बोलावतो मशीन."

लेक आपल्या ट्रककडे बघत होता. ट्रकवर उद्याच्या पाइपा बांधून ठेवल्या होत्या. मग त्यानं चराकडे पाहिलं, चेंबरपासून लोडरपर्यंत.

"बुजवायचाच आहे," तो हळू म्हणाला, जसं काही स्वतःशीच. "मग रिकामा का बुजवायचा? चर झालाय, उतार बरोबर आहे. पाइप आत्ताच टाकू. खाली बारीक माती, वर बारीक माती, नीट दाबून. बुजवला की तोच माझा रस्ता. लोडर वरून बाहेर. रस्त्यावर वळवीन, तोंड भिंतीकडे करून आत नेईन आणि लोडरखाली राहिलेला तुकडा भिंतीपासून इकडे खणत जोडून घेईन." तो आईकडे वळला. "पाइपवरून लोडर गेला तर पाइप फुटेल का? टोमणा नको, गोष्ट नको. हो की नाही एवढंच."

थोरलीच्या जिभेवर सोळा वाक्यं एकदम आली, आणि दारात गर्दी झाली की कुणीच बाहेर पडत नाही तसं झालं. तिनं डोळे मिटले. किती माती वर येईल, किती दाबली जाईल, लोडरचं वजन किती, सगळं नजरेसमोर आणलं.

"नाही फुटणार," ती म्हणाली. थोडी थांबली. "दगड वेचून काढले तर."

"काढू."

"वहिनी, कशाला नसत्या..." धाकट्यानं सुरुवात केली.

थोरली खुर्चीतून उठली. बंदी लेकापुरती होती. दिरासाठी तिनं काही कबूल केलेलं नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "भावाच्या तेराव्यापर्यंत दम धरवला नाही तुम्हाला, वाटण्या मागितल्यात. त्याची माणसं नेलीत, त्याची अवजारं नेलीत, त्याची गिऱ्हाइकं नेलीत. बुद्धी तेवढी नेता आली नाही; ती याच्याकडे राहिली. अर्धा तास म्हणे! अर्ध्या तासात तुम्ही चर बुजवणार, पोराच्या दिवसभराच्या कामावर माती घालणार आणि वर मला सांगणार उपकार केले. तुमचं मशीन मोठं आहे, मान्य. मोठं असलं की माणसाला वाटतं आपणही मोठे. या बोळात तुमचं ते धूड शिरणारसुद्धा नाही. रस्त्यावर उभं राहून शेपूट हलवेल फक्त. आता बाजूला व्हा. पाइपा उतरवायच्यात, आणि तुम्ही नेमके कामाच्या वाटेत उभे राहता, हे लहानपणापासूनचं आहे."

वरच्या खिडकीत कुणीतरी चादरीत तोंड घालून हसलं. धाकट्यानं 'बघून घेईन' असं काहीतरी पुटपुटत गाडीचं दार आपटलं. लेकानं तोंड फिरवलं होतं, पण त्याचे खांदे हलत होते, ते थोरलीला दिसलं.

मग काम सुरू झालं. लेक आणि सून चरात, पाइपा जोडत. थोरली ढिगाऱ्याशी वाकून दगड वेचत होती आणि बारीक माती खाली लोटत होती. कित्येक वर्षांत तिनं हातात फावडं धरलं नव्हतं. कंबर शिव्या घालत होती, पण तिला बंदी असल्यामुळं तीही मुकाट्यानंच. लाँड्रीवाल्यानं स्वतःहून दिवा लावून दिला. शेवटी पाइप झाकली गेली, माती थराथरानं दाबली गेली, आणि लेक पिंजऱ्यात चढला.

"आई," तो आतून म्हणाला, "पुढं उभी राहा. भिंत आणि काठ मला इथून दिसत नाही. 'चल' आणि 'थांब'. बाकी काही नाही."

थोरली लोडरच्या पुढं, बोळात, रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली आणि एक एक पाऊल मागं सरायला लागली.

"चल," ती म्हणाली. "चल. थांब. चल."

ते दोनच शब्द. पण कधी 'थांब' म्हणताना त्यात 'आंधळ्या' होतं, कधी 'चल' म्हणताना त्यात 'माझ्या राजा' होतं, आणि कुणालाही तिच्याविरुद्ध काही सिद्ध करता आलं नसतं. नव्या मातीवर लोडर डुलत डुलत पुढं आला. कुठं खचला नाही. चेंबर ओलांडून पुढची चाकं रस्त्याला लागली तेव्हा थोरली वाटेतून बाजूला झाली.

लेकानं लोडर रस्त्यावर गर्रकन फिरवला, तोंड बोळाकडे केलं.

"कुठून?" त्यानं विचारलं, जणू त्याला माहीत नव्हतं.

"भिंतीपासून."

"बाबांचा नियम?"

"तो फावड्याचा होता," थोरली म्हणाली. "यंत्राचा तू कर."

लेक आत गेला. यंत्राचा हात भिंतीला पोचेल एवढ्यावर पाय टेकवले आणि राहिलेला तुकडा भिंतीपासून स्वतःकडे खणत आला, पाइपच्या उघड्या टोकाच्या अलीकडे थांबला, शेवटची वीत सुनेनं फावड्यानं मोकळी केली. सांधा बसला. बॉयलरच्या खोलीतून एक बादली पाणी सोडलं. ते पाइपमधून चेंबरमध्ये खळखळत पडलेलं सगळ्यांनी ऐकलं. शेवटचा पंजा माती ओढून झाल्यावर जमिनीवर टेकला.

पहिला चर पुरा झाला होता.

थोरलीनं फावडं भिंतीला टेकवलं. हात झटकले. घसा साफ केला. दुकानातल्या टायपासून आत्तापर्यंत जे जे गिळलं होतं ते सगळं तिनं ओळीनं लावलं, एकही वाक्य ती विसरली नव्हती. सुनेनं देवाचं नाव घेतलं.

लेकानं पिंजऱ्याचं दार उघडलं, बाहेर न येता तिथंच बसून राहिला, आणि इंजिन बंद केलं. ऐकू यावं म्हणून.

"हं," तो म्हणाला. "बोल."